न वाचणाऱ्या मुलाला वाचते करताना

सांगितलेले काम धावत जाऊन करणारे, आठवडी बाजारातला हिशेब तोंडी जुळवणारे मूल पुस्तक समोर आले की मात्र पाणी प्यायला उठते, पोट दुखते म्हणून सांगते किंवा डोळे चोळू लागते, अशी तक्रार गावोगावच्या पालकांकडून ऐकू येते. त्यावर ‘आळशी आहे’ किंवा ‘मोबाइलने बिघडवले’ असे निदानही लगेच होते. माझ्या पाहण्यातली अशी बहुतेक मुले आळशी नव्हती. एक ओळ वाचायला त्यांना इतके कष्ट पडत, की ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असे; आणि ज्या कामात कष्ट फार पण हाती काही लागत नाही, ते काम मोठी माणसेही टाळतात. म्हणून आधी वाचणे सोपे करून द्यावे लागते आणि गोडी लावण्याचे प्रयत्न त्यानंतर करावे लागतात. हा क्रम उलटा केला आणि जिल्ह्याच्या गावाहून गोष्टींची कोरी पुस्तके आणून दिली, तर त्यांतली चित्रे पाहून होतात आणि पुस्तके फळीवर जाऊन बसतात.

मूल नेमके कुठे अडते?

मूल चौथीत आहे म्हणून त्याला चौथीचे पुस्तक वाचता यावे, हे गृहीत धरू नये. ग्रामीण भागातील मुलांचे वाचन तपासणारे ‘असर’ हे सर्वेक्षण २००५ पासून एक साधी पायरी वापरते: सुटी अक्षरे, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. हीच तपासणी घरी दहा मिनिटांत करता येते. त्यासाठी पहिली-दुसरीची जुनी पाठ्यपुस्तके पुरतात, आणि ती शेजारच्या घरी हमखास सापडतात. पाहुणे बसलेले असताना किंवा धाकट्या बहिणीसमोर ही तपासणी करू नये, आणि ‘परीक्षा घेतो’ असेही म्हणू नये. मुलाला सर्वांत सोप्या पायरीपासून वाचू द्यावे आणि कुठे गती मंदावते, कुठे ते अंदाज बांधू लागते, कोणत्या अक्षराशी थांबते, हे नंतर वहीत टिपून ठेवावे. मुलाच्या देखत टिपणे काढली की ते दबकते आणि येत असलेलेही चुकते.

यापुढे कोणतेही पुस्तक मुलाच्या हाती देताना पाच बोटांचा ठोकताळा वापरावा. साधारण शंभर शब्दांचे एक पान वाचताना मूल ज्या ज्या शब्दाशी अडेल, त्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपेपर्यंत पाचही बोटे मिटली नाहीत, तर ते पुस्तक मुलाला एकट्याने वाचायला योग्य आहे. पाच किंवा जास्त, पण दहाच्या आत अडखळले, तर कोणीतरी सोबत बसून वाचावे. त्याहून जास्त अडत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवावे आणि एक-दोन इयत्ता खालचे घ्यावे. ‘एवढा मोठा झाला आणि पहिलीचे वाचतो’ असे आजूबाजूचे म्हणतील. ते मुलाच्या कानावर पडणार नाही एवढी काळजी घ्यावी.

अक्षरांचे अवघड वळण

बाराखडी घडाघडा म्हणणारे मूलही शब्द वाचताना अडते, याचे पालकांना आश्चर्य वाटते. बाराखडी तालावर पाठ झालेली असते. मधलेच ‘बो’ किंवा ‘शै’ उचलून समोर ठेवले, तर ते ओळखता येईलच असे नाही. यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक अक्षर लिहून पत्ते करावेत आणि ते पिसून मुलासमोर टाकावेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या दिसायला जवळच्या जोड्यांत गोंधळ होत असेल, तर दोन्ही अक्षरे एकाच दिवशी शेजारी ठेवून शिकवू नयेत. त्याने गोंधळ पक्का होतो. आधी एकच अक्षर चार-पाच दिवस शब्दांतून वाचून घ्यावे, ते बसले की मग दुसरे आणावे.

त्यापुढची अडचण वेलांटीची. ‘दिवस’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार नंतर होतो. ‘स्थिती’सारख्या शब्दात तर ती दोन व्यंजनांच्या आधी येऊन बसते. डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह उचलत जाणारे मूल इथे फसते. अशा मुलाला ‘दि’, ‘नि’, ‘शि’ ही अक्षरे अख्खी ओळखायला शिकवावीत; काना-वेलांटी सुटी करून दाखवू नये.

सर्वांत जास्त त्रास देतो तो ‘र’. जोडाक्षरात तो चार रूपे घेतो, आणि विदर्भातल्या मुलाला ही चारही रूपे त्याच्या ओळखीच्या शब्दांत दाखवता येतात. ‘वर्धा’ या शब्दात तो ‘ध’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, पण उच्चार ‘ध’च्या आधी होतो. ‘चंद्रपूर’मध्ये तो ‘द’च्या पायाशी तिरकी रेघ होतो आणि उच्चार नंतर होतो. एसटीच्या अंगावर लिहिलेल्या ‘महाराष्ट्र’मध्ये ‘ट’खाली त्याचे आणखी वेगळे रूप दिसते, आणि ‘पऱ्हाटी’त तो ‘ह’च्या आधी आडव्या वळणाचा होऊन येतो. हे चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवावेत. त्यानंतर वाचनात ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘ट्रॅक्टर’, ‘दुसऱ्या’ असे शब्द आले, की ‘हा वर्ध्याचा र की चंद्रपूरचा?’ एवढेच विचारावे. नियम सांगत बसण्यापेक्षा या प्रश्नाने काम लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

बोलीला चूक म्हणू नये

पुस्तकात ‘डोळा’ लिहिलेले असताना वऱ्हाडातले मूल ‘डोया’ म्हणेल, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणेल. त्याने शब्द ओळखला आहे, त्याचा अर्थही त्याला कळला आहे. फक्त तो घरच्या उच्चाराने तोंडातून आला आहे. अशा ठिकाणी वाचन थांबवून उच्चार दुरुस्त करणे हे मुलाला वाचनापासून तोडण्याचे हमखास साधन आहे. प्रमाण उच्चाराचा सराव कविता म्हणताना, भाषण बसवताना करता येतो. वाचताना दुरुस्ती फक्त अर्थ बदलणाऱ्या चुकांची करावी.

ज्या घरांत मराठीऐवजी दुसरी भाषा बोलली जाते, तिथे प्रश्न याहून खोल आहे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा माडिया, यवतमाळ भागातील कोलामी आणि तांड्यांवरील गोरमाटी बोलणारे मूल अक्षरे जुळवून शब्द उच्चारते, पण तो शब्द त्याने कानाने कधी ऐकलेलाच नसतो. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च एकाच अक्षराने लिहितात, हे मराठी घरातल्या मुलाला सांगावे लागत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या कानात आहेत. या मुलांना मात्र वाचनाच्या आधी गोष्ट तोंडी सांगावी, शक्य असेल तर आधी त्यांच्या भाषेत आणि मग मराठीत, आणि नवे शब्द वस्तू दाखवून बोलून घ्यावेत. मराठी लिपीत त्यांच्याच भाषेतले शब्द लिहून वाचायला दिले, तरी वाचनाची सवय तितकीच लागते.

रोजची बैठक

दिवसाला पंधरा मिनिटे पुरतात, मात्र ती रोजची हवीत. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. मोठ्या माणसाने किंवा वरच्या वर्गातल्या भावंडाने मुलाच्या शेजारी बसावे, समोर बसू नये, कारण पान दोघांनाही सुलटे दिसले पाहिजे. सुरुवातीला दोघांनी एकाच वेळी, मुलाच्या गतीने, मोठ्याने वाचावे. मुलाला एकट्याने वाचावेसे वाटले की त्याने हाताला बोट लावून खूण करावी आणि सोबत्याने गप्प व्हावे. पुढे कुठे ते अडले, तर मनात पाचपर्यंत मोजून थांबावे. तोवर जमले नाही तर शब्द सरळ सांगून टाकावा, मुलाकडून तो एकदा म्हणवून घ्यावा आणि पुढे जावे. ‘काल तर सांगितला होता’ हे वाक्य बैठकीत येऊ देऊ नये.

चूक झाली की लगेच तोडण्याऐवजी वाक्य पूर्ण होऊ द्यावे. तिसरीतला एक मुलगा आपल्या आबाजींना वाचून दाखवत होता. पुस्तकातले वाक्य होते, ‘पोळ्याच्या दिवशी बाबांनी सर्जाच्या शिंगांना बेगड लावले.’ मुलाने ‘शिंगांना’ऐवजी ‘शेंगांना’ वाचले आणि तसाच पुढे निघाला. आबाजी वाक्य संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, ‘आपल्या सर्ज्याले शेंगा कधी लागल्या रे बाप्पा?’ मुलगा हसला, बोट मागे नेले, पुन्हा पाहिले आणि आपणहून ‘शिंगांना’ म्हणाला. इथे शिकण्यासारखे एवढे आहे, की आपण वाचले ते अर्थाला धरून आहे का, हे पडताळण्याची सवय मुलाला लागली पाहिजे. आबाजींनी शब्द सांगितला असता, तर तो शब्द दुरुस्त झाला असता. वाक्याचा अर्थ विचारल्यामुळे मुलाने स्वतः मागे वळून पाहिले.

या आबाजींना स्वतःला वाचता येत नव्हते, ही गोष्ट मुद्दाम नमूद करतो. मुलाच्या वाचनाला मदत करायला आईवडील शिकलेलेच पाहिजेत, हा समज खेड्यात फार घट्ट आहे आणि त्यामुळे अनेक पालक प्रयत्नच सोडून देतात. वाचता न येणाऱ्या माणसाला मुलाचे ऐकता येते, ‘मंग काय झालं?’ असे विचारता येते, वाक्य विचित्र वाटले तर हसता येते. भाकरी थापताना चुलीजवळ बसवून मुलाकडून एक पान ऐकणारी माय त्या पंधरा मिनिटांत जे करते, ते महागड्या शिकवणीतही बहुधा होत नाही, कारण तिथे मुलाचे पूर्ण वाचन ऐकून घ्यायला कोणाला सवड नसते.

एकच मजकूर तीन-चार दिवस पुन्हा वाचून घ्यायला हरकत नाही. पहिल्या दिवशी अडखळत झालेले पान चौथ्या दिवशी सलग वाचले गेले, की मुलाला आपली प्रगती स्वतःच्या कानांनी ऐकू येते. मोबाइलवर पहिल्या आणि चौथ्या दिवसाचे वाचन ध्वनिमुद्रित करून दोन्ही त्याला ऐकवावीत. मोबाइलचा इतका चांगला उपयोग मला दुसरा ठाऊक नाही. बक्षिसाचे आमिष मात्र दाखवू नये. दहा पानांना दहा रुपये ठरले, की मूल सर्वांत छोटी पाने शोधू लागते.

वाचायला काय द्यावे?

घरात पुस्तके नाहीत म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. जे मुलाला आधीच तोंडपाठ आहे, तेच कागदावर लिहून समोर ठेवणे ही सर्वांत सोपी सुरुवात होय. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, म्हणजे तालावरच्या यमकदार ओळी, आपल्याकडच्या मुलांना आपोआप पाठ होतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल घेऊन निघालेली मुलेही त्या म्हणतात. अशी एक झडती मोठ्या अक्षरांत लिहावी आणि म्हणता म्हणता प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवायला सांगावे. शब्द आधीच जिभेवर असल्याने मूल अडत नाही, आणि कोणता आवाज कोणत्या अक्षरांनी लिहिला जातो याकडे त्याचे लक्ष जाते. मग त्याच ओळीतले शब्द कापून त्यांची उलटापालट करावी आणि पुन्हा जुळवायला सांगावे. मुलींसाठी भुलाबाईची गाणी याच कामी येतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ती गाणी रोज कानावर असतात, त्यामुळे त्यांची वही मुलींकडूनच लिहवून घ्यावी आणि पुढच्या वर्षी धाकट्यांना तीच वाचायला द्यावी. ज्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे प्रार्थनेच्या ओळीही चालतील.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव पत्रके वाटली जातात. नाटकाचे नाव, कलावंतांची यादी, तारीख, तिकिटाचा दर, हे सगळे मुले उत्सुकतेने वाचतात. त्याच उत्सुकतेचा आणखी उपयोग करायचा तर एखादी गोष्ट संवादांत लिहून काढावी आणि तीन-चार मुलांना भूमिका वाटून वाचायला लावावी. पाठांतराची सक्ती नसावी. कागद हातात धरून वाचले तरी चालेल. आपल्या संवादाची पाळी चुकू नये म्हणून मूल दुसऱ्यांच्या ओळींवरही डोळे ठेवते, आणि चांगले म्हणता यावे म्हणून तोच संवाद कोणी न सांगता पाच वेळा वाचते.

एसटीच्या पाट्या, दुकानांचे फलक, बियाण्याच्या पिशवीवरचे वाणाचे नाव, लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेले ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि त्याखालची चिमुकल्यांची नावे, हे सगळे वाचनच आहे. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या आणि डबे मात्र वाचनासाठीसुद्धा मुलांच्या हाती देऊ नयेत.

गाडी थोडी रुळावर आली की पुस्तकांकडे वळावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक शाळेच्या कपाटात असतातच. ते कपाट कुलूपबंद असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याची किल्ली मागावी. पुस्तके फाटतील म्हणून ती मुलांना न देणे हा हिशेब मला कधी समजला नाही. गावात किंवा शेजारच्या मोठ्या गावात १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेले सार्वजनिक वाचनालय असेल, तर तिथे बालविभाग आहे का, हे विचारावे. मोबाइलवर वाचायचे झाल्यास ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतील बालकथा विनामूल्य मिळतात आणि त्या वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीच्या गोष्टीत एका पानावर एखादेच वाक्य असते. मुलाला ती सोपी वाटली तरी तिथूनच सुरुवात करावी. निवड शक्यतो मुलाला करू द्यावी, मग त्याने सलग चार वेळा वाघाचीच गोष्ट निवडली तरी बिघडत नाही.

शेतीचा हंगाम आणि वाचनाची वेळ

वेळापत्रक शहरातल्या घरासारखे आखले, तर ते कापूस वेचणी सुरू होताच मोडते. वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरातली मोठी माणसे पहाटे निघतात आणि दिवेलागणीला परततात, मग स्वयंपाक, आणि त्यातच वीज जाते. अशा दिवसांत बैठक वरच्या वर्गातल्या भावंडाकडे किंवा शेजारच्या मुलाकडे सोपवावी. पाचवी-सहावीतले मूल धाकट्याला शिकवताना स्वतःही सुधारते; विशेषतः ते स्वतः कच्चे असेल, तर लहानांची पुस्तके वाचायला त्याला एक मानाचे निमित्त मिळते.

उन्हाळा ही खरी संधी आहे. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि तोवर सुटीत वाचन अगदी बंद राहिले, तर वर्षभरात कमावलेले बरेच ओसरते. दुपारी उन्हात बाहेर निघता येत नाही, घर बंद करून सगळे पडून असतात. त्या वेळी आजीने एक गोष्ट सांगावी आणि मुलाने एक वाचून दाखवावी, असा सौदा चांगला चालतो.

मूल मोठे असेल किंवा प्रगती होत नसेल तर

सहावी-सातवीतले मूल अडखळत असेल, तर त्याला ससा-कासवाची चित्रे दाखवू नयेत. त्याला लाज वाटते आणि ते साहजिक आहे. क्रिकेटची बातमी, ताडोब्यातल्या वाघांविषयीचा मजकूर, मोटार पंपाच्या दुरुस्तीची माहिती, असे त्याच्या वयाला शोभेल ते निवडावे आणि लांब वाक्ये तोडून सोप्या शब्दांत वहीत उतरवून द्यावे. हे काम कष्टाचे आहे, पण आठवड्यातून एक पान तयार झाले तरी पुरते, कारण तेच पान तीन-चार वेळा वाचायचे असते.

दोन-तीन महिने रोज बसूनही फरक दिसत नसेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. पुस्तक नाकाशी धरणे, ओळ सुटणे, डोके दुखणे, फळ्यावरचे न दिसणे ही चष्म्याची लक्षणे असू शकतात. कानांची तपासणीही त्याच फेरीत करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि आपली शंका शिक्षकांमार्फत पथकापर्यंत आधीच पोहोचवावी. डोळे-कान ठीक असूनही मूल बोलण्यात, हिशेबात हुशार आहे पण अक्षरे मात्र टिकत नाहीत, ओळखीचा शब्द पुढच्याच ओळीत अनोळखी होतो, असे दीर्घकाळ चालले, तर ती विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमात तिचा समावेश आहे आणि रीतसर निदान झाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे लेखी विनंती करावी, समावेशित शिक्षणाचे काम पाहणाऱ्या तालुक्याच्या विशेष शिक्षकांना मूल दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्याने जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. जाताना मुलाच्या वाचनाची ती टिपणांची वही आणि मोबाइलमधली ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. तपासणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरची पंधरा मिनिटे चालूच ठेवावीत, फक्त या काळात मुलाने वाचण्यापेक्षा त्याला वाचून दाखवण्याचा वाटा वाढवावा.